पहिलं ‘नको’

चाळिसावा वाढदिवस झाला त्या महिन्यात माझ्या पगाराच्या स्लिपवर एक नवी ओळ उगवली. काइगो होकेन. म्हणजे म्हातारपणी लागणाऱ्या देखभालीचा विमा. जपानमध्ये चाळिशी गाठली की तो पगारातून कापतात, मग तुम्ही जपानी असा नाहीतर पुण्याचे. घरात केकसुद्धा अजून संपला नव्हता. नवरा म्हणाला, “अगं, चांगलंच आहे की. आपल्यालाच पुढे उपयोगी पडेल.” माझं डोकंच फिरलं. पुढे कधी? आत्ता त्या पैशात टोकियोतल्या आमच्या ओजिमा भागातल्या म्हाताऱ्या माणसांना आंघोळी घातल्या जाणार, आणि घालणार कोण, तर मीच. पैसे माझे आणि हातही माझेच. आणि माझी स्वतःची आई कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर एकटी. तिच्यासाठी कुठल्या देशाच्या कुठल्या स्लिपवर ओळ होती?

मी त्याच्यावर उगाच खेकसले. राग त्याच्यावर नव्हताच. वडील जाऊन दीड वर्ष झालं होतं, मी एकुलती एक मुलगी, आणि आईचं पुढे काय करायचं हा प्रश्न मी सहा महिन्यांपूर्वी मोठ्या शिताफीने निकालात काढला होता. कसा काढला, तेच आता सांगते. सांगायला लाज वाटते, पण न सांगताही ती काही कमी झालेली नाही.

आधी एक चिमटा सांगायला हवा.

मी सहा-सात वर्षांची असेन. आईबरोबर कुणाकडे तरी हळदीकुंकवाला गेले होते. त्या बाईंनी बेसनाच्या लाडवांची ताटली पुढे केली आणि विचारलं, “घेतेस का गं लाडू?” मी म्हटलं, “हो.” आणि घेतला. त्याच क्षणी माझ्या दंडावर, फ्रॉकच्या बाहीच्या बरोबर खाली, आईने असा चिमटा काढला की लाडू हातातच फुटला. घरी आल्यावर रीतसर शिकवणी झाली. “कुणी विचारलं की लगेच हो म्हणायचं नाही. अधाशी कुठली! नको म्हणायचं.”

“पण मला हवा होता.”

“हवा असला तरी. आधी नको म्हणायचं. मग ते परत विचारतात. मग थोडं थांबून घ्यायचा.”

“आणि परत नाही विचारलं तर?”

आई हसली. “असं कसं? चांगल्या घरची माणसं परत विचारतात.”

आमच्या घरी पाहुणा जेवायला बसला की आईचा हात कसा चाले ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. पाहुणा ताटावर दोन्ही हात आडवे धरून ‘नको, नको, वहिनी, खरंच नको’ म्हणतोय आणि आई बोटांच्या फटीतून नेमकी जिलबी सोडतेय. पहिलं नको तिला ऐकूच येत नसे. ते तिच्या लेखी बोलणं नव्हतंच, नमस्कारासारखं काहीतरी होतं. आणि स्वतः कुणाकडे गेली की तीसुद्धा तस्सं. चहा नको, पंखा नको, बसायला खुर्ची नको, इथे पायरीवर बरं आहे. तिला रिक्षापर्यंत सोडायला जायचं तरी दोनदा भांडावं लागायचं.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

२०११चा तो मोठा भूकंप झाला तेव्हा आम्ही ओजिमाच्या सरकारी वसाहतीत राहायला येऊन वर्षच झालं होतं. नवरा संशोधन संस्थेत, लेक बालवाडीत, मी घरी. इमारत किती वेळ डोलत होती देव जाणे. मी लेकीला टेबलाखाली घट्ट धरून बसले होते आणि वरून कपबशा पडत होत्या. त्यानंतर फोन लागायला लागला आणि आईचा सपाटा सुरू झाला. “परत या.” सकाळी, दुपारी, संध्याकाळी. “अगं, निदान पोरीला घेऊन तू तरी ये.” अणुभट्टीच्या भीतीने आपल्या लोकांपैकी बरेच जण मिळेल त्या विमानाने निघाले होते. निशी-कसाईच्या भारतीय दुकानातलं डाळ-तांदळाचं फडताळ रिकामं आणि काउंटरवर कुणी नाही, अशी अवस्था. मी म्हणत होते, नको. नवऱ्याची संस्था बंद नाही, त्याला टाकून कशी येऊ, नको. आईने किती वेळा विचारलं असेल? मोजलं नाही. दहा-बारा दिवस ती दुसरं काही बोललीच नाही. शेवटी मीच ओरडले, “आई, नको म्हणजे नको! कळत नाही का तुला?” ती म्हणाली, “बरं बाई. पाणी भरून ठेव.”

पाण्यावरून आठवलं. लिफ्ट बंद होती आणि आमच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या घरात ऐंशीच्या पुढची एक जपानी बाई एकटी राहायची. मी खाली जाऊन पाण्याच्या बाटल्या आणल्या आणि तिचं दार वाजवलं. तिने दोन बोटांची फट उघडली, कमरेत वाकली आणि म्हणाली, “दाइजोबु.” म्हणजे ठीक आहे, माझं चाललंय, काही नको. ओठांवर पापुद्रे सुटलेले. कसलं डोंबलाचं दाइजोबु! मी सरळ बाटली दारातून आत सरकवली. तिने परत बाहेर काढली. मी परत आत. तिसऱ्यांदा तिने बाटली उराशी धरली आणि तोंडावर हात ठेवून हसली. तिला भाषा माझी येत नव्हती, मला तिची जेमतेम, पण ते दोघींना बरोबर समजलं.

त्या आजींनीच मला नोकरी लावली म्हणायला हरकत नाही. त्या आठवड्यातून तीन दिवस जवळच्या एका डे-केअर सेंटरला जात. सकाळी गाडी येई, दिवसभर तिथे आंघोळ, जेवण, हातपाय हलवण्याचे खेळ, आणि चारला घरी. त्यांनी तिथल्या मुख्य बाईंना माझी बाटलीची गोष्ट सांगितली. बाईंकडे माणसं कमी. मी आधी अर्धवेळ, मग परीक्षा देऊन पूर्णवेळ लागले. पुण्यात एम.एस्सी. झालेली मी, इथे म्हाताऱ्यांच्या पाठी चोळायला लागले, हे आईला सांगायला मला वर्ष लागलं. सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “पुण्याचं काम आहे गं.” आणि मग थोडं थांबून, “तुझा हात हलका आहे, लहानपणापासून.”

मुख्य बाई कडक. पहिल्या आठवड्यात मी एका आजोबांना चहा विचारला, ते नको म्हणाले, मी पुढे गेले. बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, या वयाची माणसं एन्र्यो करतात. एन्र्यो म्हणजे आपला संकोच, समोरच्याला त्रास नको म्हणून आपली गरज गिळून टाकणं. “एकदा विचारून थांबायचं नाही. तीनदा विचारायचं. पहिलं नाही एन्र्योचं असतं, दुसरं सवयीचं, तिसरं त्यांचं स्वतःचं.” मी मनात म्हटलं, बाई, हे तुम्ही मला शिकवताय? माझ्या दंडाला विचारा. मी जाऊन आजोबांना आणखी दोनदा विचारलं आणि ते दोन कप प्याले. तेव्हापासून तिथे माझ्यासारखी आग्रह करणारी कुणी नाही असं नाव झालं माझं. नव्या मुलींना माझ्याकडे शिकायला पाठवायचे. आता यावर हसावं की रडावं, तुम्हीच ठरवा.

मग वडील गेले. मी धावतपळत गेले, तेराव्यानंतर परत आले. वर्षश्राद्धाला पुन्हा गेले, एकटीच, आठ दिवस. त्या आठ दिवसांत आई आणि मी अखंड बोलत होतो. गॅसच्या पाइपबद्दल, सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दल, वडिलांच्या शर्टांचं काय करायचं याबद्दल. तिच्याबद्दल एक अक्षर नाही. मीच काढत नव्हते. विषय निघाला तर काय काय निघेल याची मला भीती होती. आमचं घर दोन खोल्यांचं. नवऱ्याची नोकरी दर काही वर्षांनी नव्याने ठरणारी. लेक वयात येत होती आणि घरात जपानीशिवाय तोंड उघडत नव्हती. आणि आईला आणायचं तर व्हिसाचं काय? पालकांना कायमचा व्हिसा मिळत नाही म्हणे. हे ‘म्हणे’ लक्षात ठेवा. मी कुठल्याही कचेरीत जाऊन कधी विचारलेलं नव्हतं. तीन महिन्यांच्या भेटीला तर कुणाचेही आईवडील येत होते. निशी-कसाईच्या बागेत संध्याकाळी बघावं तर बूट-मोजे घातलेल्या नऊवारीतल्या आज्या हिंडत असायच्या. पण ‘म्हणे’ फार सोयीचं होतं.

निघायच्या दिवशी टॅक्सी खाली आली. बॅगा गेल्या. मी दारात एका चपलेत पाय घातला, दुसरी शोधत होते, आणि तेव्हा, चपलेकडे बघत, मी विचारलं, “आई, येतेस का माझ्याकडे राहायला?”

आई म्हणाली, “नको गं. माझं इथे बरं चाललंय. तिथे येऊन मी काय करणार?”

मी म्हटलं, “बरं.” दुसरी चप्पल सापडली. मी वाकून नमस्कार केला, तिने पाठीवरून हात फिरवला, आणि मी खाली उतरले. टॅक्सीत बसल्यावर मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. अगदी छातीवरचा दगड उतरल्यासारखं. मी विचारलं, ती नको म्हणाली, संपलं. आता कुणी मला बोल लावू शकणार नव्हतं.

ओजिमाला पोचल्यावर नवऱ्याने विचारलं, “आईंना विचारलंस?” म्हटलं, “विचारलं. नको म्हणाली.” तो म्हणाला, “अगं, एकदा नको म्हणाल्या असतील.” मी त्याला फाडून खाल्लं. तुझ्या आईवडिलांजवळ तुझा भाऊ आहे, तू मला शिकवू नकोस. लेक सोफ्यावर पाय पसरून बसली होती. तिने मान वर न करता मोडक्या मराठीत विचारलं, “आजी नको म्हणाली ना? मग नको म्हणजे नको ना?” इथल्या शाळेत वाढलेली पोर, तिचं तसंच असणार. मी म्हटलं, “बघ, एवढ्याशा पोरीला कळतं.”

त्यानंतर मी योजना करायला बसले. योजना करण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. सकाळी केर-भांडीवाली, दुपारी डबा, महिन्यातून एकदा डॉक्टर घरी, बाथरूममध्ये भिंतीला धरायच्या दांड्या, शेजारच्या काकूंकडे जादा किल्ली. काकू पन्नाशीच्या, मनाने चांगल्या. सेंटरमध्ये आम्ही प्रत्येक म्हाताऱ्या माणसासाठी जसा आठवड्याचा तक्ता करायचो तसा तक्ता मी आईसाठी केला आणि पाठवून दिला. तिने तो फ्रिजवर लावला. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या इतक्या छान हाकत होते मी, की सेंटरमधल्या जपानी बायकासुद्धा तक्ता बघून म्हणाल्या, किती विचार करतेस तू आईचा! मी मान तुकवून आभार मानले.

आणि दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल. आई खुर्चीत बसलेली, केस चापून विंचरलेले, अंगावर जांभळी साडी. “कशी आहेस?” “मजेत.” “जेवलीस?” “भरपूर.” “काही हवंय?” “काही नको.” दर रविवारी तीच जांभळी साडी. मला वाटलं, आवडती असेल.

याच सुमारास आमच्या कोपऱ्यातल्या आजींची पाहणी होती. इथे म्हाताऱ्या माणसाला किती मदत लागते हे ठरवायला वॉर्ड ऑफिसमधून माणूस घरी येतो आणि प्रश्न विचारतो. उठता येतं का, कपडे घालता येतात का, आज कोणता ऋतू आहे. त्यावरून पायरी ठरते आणि तेवढीच मदत मिळते. आजींचा मुलगा आठवड्यातून एकदा यायचा, त्याने मलाही बसायला बोलावलं होतं. एरवी अंथरुणातून उठायला अर्धा तास लावणाऱ्या आजी त्या दिवशी ओठांना लाली लावून ताठ बसल्या होत्या. प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच. दाइजोबु. स्वयंपाक? मीच करते. आंघोळ? एकटीने. मुलगा त्यांच्या पाठीमागे उभा राहून त्या माणसाकडे बघत हळूच मान हलवत होता, नाही, नाही, काही येत नाही. मी जाताना त्या माणसाच्या हातात घडी घातलेला कागद दिला. आजी खऱ्या कशा आहेत ते त्यात ओळीने लिहिलं होतं. हे आम्ही सगळ्यांच्याच बाबतीत करतो. म्हातारी माणसं पाहुण्यासमोर कधी खरं बोलत नाहीत, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

तिथून मी घरी आले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. फोन लावला. “मजेत आहे,” आई म्हणाली. मी म्हटलं, “छान.”

तीन वर्षं हे असं चाललं. मग एका गुरुवारी, मी सेंटरमध्ये एका आजींच्या पायांत मोजे घालत होते, तेव्हा काकूंचा फोन आला. आई बाथरूमजवळ पडली होती. आदल्या रात्रीपासून पडून होती, आणि सकाळी काकू आत गेल्या तेव्हा जमिनीवरूनच म्हणाली, “काही नाही हो, जरा आडवी झालेय.”

मी गेले. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, ते ठीक झालं. पण डोकं ठीक नव्हतं. ते पडल्यामुळे नाही, कधीपासूनच नव्हतं. डॉक्टरांनी मला विचारलं, “तुमच्या लक्षात नाही आलं?” मी काय सांगणार, कपाळ? मी हेच काम करते म्हणून सांगू? हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये काकू रडत रडत म्हणाल्या, “अहो, रविवारी तुमचा फोन म्हणून मी सकाळी येऊन त्यांचे केस विंचरून द्यायचे. साडी नेसवायचे. ती जांभळी नेसवायला सोपी पडायची. त्यांनीच शपथ घातली होती, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून.” मला वाटलं आत्ता इथेच या बाईच्या एक थोबाडीत द्यावी. मग वाटलं, तिने माझ्या आईचे केस विंचरले, मी काय केलं? मी चहाचे पैसे दिले.

आईला वृद्धाश्रमात ठेवलं. आता त्याला वृद्धाश्रम म्हणत नाहीत, केअर होम म्हणतात, पाटीही इंग्रजीत. स्वच्छ आहे. मुळशीच्या रस्त्याला, पुढे बाग आहे. खर्चाची जुळणी अशी झाली की आईचं फॅमिली पेन्शन, फ्लॅट भाड्याने देऊन येणारं भाडं, आणि उरलेलं माझ्या पगारातून. म्हणजे मी ओजिमात कुणाच्या तरी आईला आंघोळ घालायची, आणि त्याच्या पैशात मुळशीच्या रस्त्यावर कुणीतरी माझ्या आईला घालायची. मधली तेवढी समुद्रावरची फेरी कशासाठी, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. फॉर्म भरताना तिथल्या मॅनेजरने विचारलं, “पेशंटची संमती?” मी म्हटलं, “मी मुलगी आहे.” त्याने तिथे खूण केली.

फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हणजे रिकामा करायला हवा. मी आणि काकू कपाट उपसत होतो. वडिलांचे शर्ट तसेच होते, इस्त्री केलेले. खालच्या खणात, शालींच्या मागे, मी पाठवलेल्या जपानी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. मला वाटलं सुईदोरा असेल. उघडला, तर आत लोकरीच्या मोज्यांची एक जोडी, किमतीचं लेबल अजून तसंच, आणि पासपोर्ट.

आईचा एक पासपोर्ट होता, तो मला माहीत होता. मला दिवस गेले तेव्हा काढलेला. मग बाळंतपणाला मीच माहेरी आले आणि तो तसाच पडून राहिला, मुदत संपून गेली. हा तो नव्हता. हा नवा होता. फोटोत आई म्हातारी, केस पांढरे, कपाळ मोकळं, ओठ घट्ट मिटलेले. मी आतली तारीख बघितली. मग पुन्हा बघितली. वर्षश्राद्धानंतर बरोबर तीन आठवड्यांची होती.

काकू म्हणाल्या, “हो की. मीच गेले होते ना बरोबर. केवढी रांग होती! बोटांचे ठसे उमटेनात त्यांचे, चार-चार वेळा दाबून घेतले. नंतर पोलीस आला चौकशीला, त्याला त्यांनी सरबत दिलं.” मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, “तुम्ही बोलावलं होतंत ना त्यांना?”

मी म्हटलं, “हो.”

“मग काय झालं? व्हिसा नाही मिळाला?”

मी म्हटलं, “नाही मिळाला.”

खोटं बोलले. मी पासपोर्टची पानं उलटली. सगळी कोरी. मी जमिनीवर बसले आणि त्या काकूंच्या देखत भोकाड पसरून रडले, आणि रडतानाही मला आईचाच राग येत होता. अगं बाई, एकदा हो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? चिमटा काढायला कोण बसलं होतं तिथे? आणि मग डोळ्यांसमोर आली ती मीच, एका चपलेत पाय घातलेली, तिच्याकडे न बघता विचारणारी. अशा विचारण्याला आई हो कशी म्हणणार? तसं विचारलं असतं तर मी लाडूसुद्धा घेतला नसता.

दुसऱ्या दिवशी पासपोर्ट पर्समध्ये घालून मी केअर होमवर गेले. परतीचं विमान त्याच संध्याकाळी होतं. दुपारचे तीन वाजले होते, सगळ्यांना बागेत खुर्च्यांवर आणून बसवलं होतं. आई कडेला होती, गुडघ्यांवर शाल. मी पायांत लोकरीचे मोजे घातले तिच्या, तेच, लेबल काढून. तिने पाय पुढे केला. सेंटरमधल्या आज्या करतात तसाच, सवयीने.

“हात हलका आहे हो तुमचा,” ती म्हणाली.

ती मला अहो-जाहो करत होती. मी खुर्ची ओढून बसले. ती जरा पुढे वाकली आणि शेजारच्या बाईला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, “माझी मुलगी जपानला असते.”

“हो का?”

“तिने बोलावलंय मला राहायला.”

मी कामावर बोलते त्या आवाजात विचारलं, कारण दुसरा आवाज निघालाच नसता, “मग कधी जाणार?”

“जाईन की,” आई म्हणाली. “तिने परत विचारलं की.”

मी तिचा हात हातात घेतला. या वेळी तिच्याकडे बघितलं, अगदी समोर. “आई, येतेस माझ्याकडे राहायला?”

“नको हो,” ती हसून म्हणाली. “इथे बरं चाललंय माझं.”

“चल ना गं आई. खरंच चल. माझ्याकडे चल.”

“छे छे. तुम्हाला कशाला उगाच त्रास.”

मी तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी तिने हात सोडवून घेतला, माझ्या दंडावर ठेवला, बाहीच्या बरोबर खाली, आणि थोडा वेळ खरोखर विचार केला.

“एवढं म्हणताय तर बघते,” ती म्हणाली. “पण आधी मुलीला विचारते हं.”